पावसाळ्यात रबर डकी का मरतात? गोव्यातल्या आयसोपॉडच्या पेटीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: मडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. सहा लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात दहा रबर डकी, म्हणजे ओल्या पाचोळ्यात राहणारे आयसोपॉड गटातले चिमुकले प्राणी, ठेवले आहेत. खाली नुसतं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुगा), झाकणाला सुईने पाडलेली दहा-बारा भोकं, रोज फवारणी. मेपर्यंत सगळं ठीक होतं. जुलैत चार मेले, उरलेले दिवसभर झाकणाला चिकटून असतात, पानांवर पांढरी बुरशी आहे. काय चुकलं, आणि आणखी दहा मागवून टोळी भरून काढावी का?

आधी आज रात्री करायचं काम सांगतो. फवारणी बंद करा. दुसरा स्वच्छ डबा घ्या, त्यात दोन बोटं ओलसर पालापाचोळा, एका कोपऱ्यात मूठभर भिजवून पिळलेलं शेवाळ आणि दोन-तीन चपटे दगड ठेवा. झाकण लावू नका. डब्यावर पातळ मलमलीचं कापड ताणून रबर लावा. उरलेले सहा जण मऊ ब्रशने चमच्यात ढकलून तिकडे हलवा. चिमट्याने उचलू नका, कात टाकत असलेल्याचं कवच चिमट्याने फाटतं. जुनी माती फेकू नका. ती पसरट टबात ओता, वर कापड बांधा आणि सहा आठवडे सावलीत ठेवा. रबर डकीची पिल्लं मातीत खोल राहतात आणि डोळ्यांना सहज दिसत नाहीत. चार मोठे मेले तरी त्या मातीत पुढची पिढी असू शकते.

आता कारण. आयसोपॉड किडे नाहीत, कुर्ल्या-सुंगटांच्या गोतातले आहेत. जमिनीवर आले तरी श्वासाची सोय पोटाखालीच राहिली. उपडा करून पाहिलात तर शेपटीकडच्या भागाखाली पातळ पाकळ्यांसारखे अवयव दिसतात. त्या पाकळ्या ओल्या राहिल्या तरच श्वास चालतो, म्हणून दमटपणा लागतो. पण पाण्यात बुडाल्या किंवा भोवतालची हवा कोंदटली तर ते गुदमरतात. ओलावा आणि हवा या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि गोव्यात लोक पहिलीच्या काळजीत दुसरी विसरतात.

पुस्तकी सल्ला बहुतेक थंड, कोरड्या देशांत लिहिलेला असतो. तिथे हीटर हवा सुकवतो म्हणून झाकण बंद ठेवा, रोज फवारा असं सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरचीच आर्द्रता दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. डब्यातलं पाणी उडून जायला जागाच नसते. रोजची फवारणी तळाशी साचत जाते, कोकोपीट ते धरून ठेवतं, खालच्या थरातली हवा संपते आणि कुजणं सुरू होतं. अठ्ठावीस अंशांवर कुजण्याचा वेग मोठा असतो, आणि जे कुजतं ते डब्यातला प्राणवायूही खातं. म्हणून तुमचे प्राणी झाकणाला जाऊन बसले. रबर डकी स्वभावाने लपणारा, फटीत शिरणारा प्राणी आहे. तो दिवसाढवळ्या झाकणाला चिकटलेला दिसला की खालची जागा राहण्यालायक उरलेली नाही असंच समजावं. तळाची चिमूटभर माती काढून वास घ्या. पावसानंतरच्या रानासारखा वास असेल तर माती जिवंत आहे, सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस असेल तर निकामी.

पेटी नव्याने बांधा, आणि जरा मोठी घ्या. 35 सेंमी लांब, 25 रुंद, 18 उंच अशी पंधरा-सोळा लिटरची पेटी दहा ते तीस जणांना पुरते, आणि लहान डब्यापेक्षा तिच्यातली ओल आणि तापमान सावकाश बदलतं. समोरासमोरच्या दोन अरुंद भिंतींना पाच सेंमी व्यासाचं एकेक भोक होल-सॉने पाडा. एक मातीच्या पातळीच्या जरा वर, दुसरं झाकणाच्या जरा खाली. खालचं भोक कोरड्या बाजूला, वरचं ओल्या बाजूला. हवा खालून शिरते, ओल्या कोपऱ्यावरून जाऊन वरून निघते. झाकणावरच्या सुईच्या भोकांनी हे होत नाही, कारण हवेला शिरायला आणि निघायला वेगवेगळ्या वाटा लागतात. भोकांवर 80 मेशची स्टेनलेस स्टीलची जाळी आतून ग्लू-गनने चिकटवा. साधी लोखंडी जाळी आपल्या खाऱ्या हवेत एका पावसात गंजते, आणि खिडकीच्या डासजाळीतून बारीक माश्या आरामात आत येतात.

मातीचं प्रमाण साधारण सहा लिटरचं, पेटीत सात सेंमी थर होईल एवढं: तीन लिटर कुजून काळा झालेला, हातात चुरगळणारा पालापाचोळा, दीड लिटर बोटाने दाबलं की भुगा होणारं पांढरं कुजकं लाकूड, एक लिटर धुतलेलं कोकोपीट, अर्धा लिटर जाडसर ठेचलेला लाकडी कोळसा आणि वाटीभर शिंपल्यांचा चुरा. वर सुक्या पानांचा चार-पाच सेंमी ढीग. तुमच्या डब्यात नुसतं कोकोपीट होतं, म्हणजे त्यांना अंथरूण होतं, अन्न नव्हतं. आयसोपॉड माती खातात, पानं-लाकूड पोखरून त्यातच राहतात. शिवाय काथ्याची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात, तो खार कोकोपीटमध्ये उतरतो. ते बादलीत भिजवून पिळा, पाणी बदला आणि पाणी जवळपास नितळ येईपर्यंत तीन-चारदा हे करा.

पानं फणसाची, वडाची, उंबराची आणि समुद्राकाठच्या रानबदामाची उत्तम. आंब्याची चालतात पण चिवट असतात, कुजायला वेळ लागतो. बागायतीतली आंबा-काजूची पानं मात्र घेऊ नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांवर आणि काजूवरच्या ढेकण्यावर फवारणी होते, आणि कीटकनाशकाचा जो अंश झाडाला काहीच करत नाही तो आयसोपॉडला मारायला पुरतो. निलगिरी आणि सुरू दोन्ही टाळा. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड खारट असतं, तेही नको. अभयारण्यातून पान-लाकूड उचलायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मोलें किंवा नेत्रावळीला फिरायला गेलात तर हात रिकामेच परत या. ओळखीच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा घरामागच्या फणसाखाली हवं तेवढं मिळतं.

पानं गोळा करायची वेळ महत्त्वाची आहे. पावसात गोळा केलेल्या पानांबरोबर गोगलगायी, घोणी आणि माइट (कोळ्यांच्या गोतातले अतिबारीक जीव) घरात येतात, आणि ती वाळवायला ऊनही नसतं. घरच्या पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीत, मिरच्या, कोकमं आणि सुकं मासळं भरतो त्याच एप्रिल-मेमध्ये दोन गोणी पानं भरून ठेवा. पानांवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाका, निथळा, कुरकुरीत होईपर्यंत कडक उन्हात वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. लाकूड उकळून घ्या. उकळल्याने उपयोगी जिवाणूही मरतात, म्हणून नव्या मातीत चांगल्या वासाच्या जुन्या मातीची एक मूठ मिसळावी. तुमच्या डब्यातली ती मूठ घेऊ नका.

आता चुना, आणि यात कंजुषी अजिबात नको. रबर डकी थायलंडमधल्या चुनखडीच्या गुहांच्या परिसरातला प्राणी. 2017 च्या सुमारास छंदात आला, आणि शास्त्रीय नाव न मिळताच क्युबारिस या प्रजातीत ढोबळपणे धरला गेला. तिथे पायाखाली चुनखडी असते. आपल्याकडे चिऱ्याची माती, लोहाने लाल, आम्लधर्मी आणि कॅल्शियमला गरीब. अंगणातली माती घालून चुन्याची गरज भागत नाही. शिंपले मात्र गोव्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहेत. तिसऱ्यांचे आणि खुब्यांचे शिंपले दहा मिनिटं उकळा, ब्रशने मसाला-मीठ घासून काढा, दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा, वाळवा आणि गोणपाटात गुंडाळून हातोड्याने ठेचा. माणक्याचं पांढरं हाड, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातलं समुद्रफेन, तसंच एका कोपऱ्यात ठेवलं तर ते कुरतडून खातात. विड्याच्या पानाला लावायचा चुना किंवा भाजलेल्या शिंपल्यांची कळी मात्र कधीही घालू नका. ती दाहक असते, प्राणी भाजून मरतात.

लपायला शहाबादी फरशीचे तुकडे घ्या. ही फरशी चुनखडीचीच असते आणि फरशीवाल्याकडे तुटके तुकडे सहज मिळतात. पॉलिश न केलेले, तळहाताएवढे पाच-सहा तुकडे धुऊन, मध्ये खडे ठेवून पाच-सात मिलिमीटरच्या फटी राहतील असे एकावर एक रचा. तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फेस आला पाहिजे. रबर डकींना या फटी मनापासून आवडतात. काही आठवड्यांनी वरचा तुकडा हळूच उचलला की खालच्या बाजूला पिवळसर तोंडाची रांग उलटी बसलेली दिसते.

पाणी घालण्याची पद्धत पूर्ण बदला. पेटीचा एक तृतीयांश भाग ओला, मधला ओलसर, उरलेला वरून कोरडा. ओल्या कोपऱ्यात शेवाळ ठेवा आणि पाणी तिथेच, कडेने, मातीत ओता. ओल्या बाजूची माती मुठीत दाबली की एक-दोन थेंब यावेत, मधल्या भागातली नुसता गोळा व्हावी, कोरड्या बाजूची वरची पानं हाताखाली कुरकुरावीत. प्राणी स्वतः हवी ती जागा निवडतात आणि ते कुठे बसतात यावरून पेटीचं बरंवाईट कळतं. सगळे शेवाळाखाली दाटले असतील तर कोरडं पडतंय. सगळे कोरड्या बाजूच्या फरशीखाली असतील तर पाणी जास्त झालंय.

पाणी कधी घालायचं याचा अंदाज नजरेने लावण्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. ओल बरोबर असेल त्या दिवशी पेटीचं वजन लिहून ठेवा. साठ-ऐंशी ग्रॅम घटलं की तेवढेच मिलिलिटर पाणी कोपऱ्यात घाला. जुलैत यासाठी दहा दिवससुद्धा लागतात. एसी चालू असलेल्या खोलीत तीन-चार दिवसांतच वेळ येते. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडचे कोरडे वारे सुटले की जुलैचा हिशोब चालत नाही, तेव्हा दुपटीने लक्ष ठेवावं लागतं. नळाचं पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून वापरा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, ते टाळा. उघड्यावर बादलीत धरलेलं पावसाचं पाणी चांगलं, कौलांवरून आलेलं पहिल्या पावसाचं नको.

उष्णतेबद्दल: रबर डकीला 22 ते 27 अंश मानवतात. तिसाच्या वर ताण सुरू होतो, बत्तिसाच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर मरतूक होते. मेमध्ये स्लॅबखालची खोली एवढी सहज तापते. ओल्या फडक्याचा किंवा मडक्याचा उपाय नागपुरात चालेल, इथे नाही, कारण हवा आधीच दमट असल्याने पाणी उडत नाही आणि थंडावाही येत नाही. पेटी आतल्या भिंतीशी, जमिनीवर ठेवा. फारच तापत असेल तर पेटी मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, झाकण अर्धं उघडं राहू द्या आणि बर्फ झालेली अर्ध्या लिटरची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीशेजारी ठेवा, पेटीत नाही. दुपारी बारा ते चार एवढ्यासाठी ती पुरते.

पावसात वीज जाऊन खोली कोंदट झाली तर झाकण दोन बोटं तिरकं करून मलमल लावा. वीज असेल तेव्हा खोलीत पंखा मंद चालू असणं एवढंच पुरतं, पेटीवर थेट झोत नको.

पांढरी बुरशी हे लक्षण आहे, रोग नाही. नव्या पेटीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडी येतेच. स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतले उड्या मारणारे बारीक जीव, सोडले की ते ती खातात. मात्र बाजारातले पांढरे स्प्रिंगटेल थंड हवामानातले असतात, आपल्या मेमध्ये त्यांची वसाहत कोसळते. उष्ण प्रदेशातली गुलाबी किंवा रुपेरी जात मागून घ्या. बुरशी हटतच नसेल तर खाणं जास्त पडतंय किंवा हवा कमी आहे.

खाणं म्हणजे मुख्यतः पानं आणि लाकूड. त्यावर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, प्रथिनांची चिमूट: मीठ न लावलेल्या सुक्या सुंगटाचा चुरा किंवा माशांचं खाद्य. दहा जणांना मिरीच्या दोन दाण्यांएवढं पुरतं. उरलेलं चोवीस तासांत काढा, नाहीतर खाद्यावरचे पांढरे माइट धुळीसारखे पसरतात. खारवलेलं सुकं मासळं भिजवूनही देऊ नका. काकडी, भोपळा, गाजर यांची नाण्याएवढी चकती चालते, धुऊन आणि साल काढून. प्रथिनं अजिबात दिली नाहीत तर ते कात टाकणाऱ्या भाईबंदांना कुरतडतात.

कात टाकणं नीट ओळखा, नाहीतर जिवंत प्राणी मेला समजून फेकाल. आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, मग काही तासांनी किंवा दिवसांनी पुढचा. मधल्या काळात अर्धं अंग फिकट, अर्धं गडद दिसतं आणि तो हलत नाही. हात लावू नका. टाकलेली कात तिथेच राहू द्या, ते ती खाऊन चुना परत मिळवतात. मेलेला मात्र ढिला पडतो आणि वास येतो.

कोणी अचानक निळाजांभळा, धातूसारखा चमकायला लागला तर तो इरिडोव्हायरस. सुंदर दिसतो, पण उपाय नाही आणि तो एकमेकांचे मृतदेह खाण्यातून पसरतो. तसा प्राणी लगेच वेगळा काढून गोठवून मारा, आणि त्या पेटीतला एकही प्राणी दुसऱ्या पेटीत किंवा दुसऱ्या माणसाकडे जाऊ देऊ नका.

गोव्यातल्या घरात आणखी एक धोका सतत असतो, तो म्हणजे डास-मुंग्यांची औषधं. प्लगला लावायची डासांची बाटली, कॉइल, स्प्रे, मुंग्यांचा खडू, या सगळ्यांतली औषधं आयसोपॉडना मारक आहेत. पेटी ज्या खोलीत आहे तिथे यातलं काहीही नको, तिथे मच्छरदाणी लावा. डेंग्यूच्या दिवसांत वाड्यावर धूरफवारणी होते तेव्हा खिडक्या लावून पेटीची भोकं तासभर टेपने बंद करा आणि मग आठवणीने उघडा. कुत्र्याच्या मानेवर गोचिडीचं औषध घातलं असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीत हात घालू नका. मुंग्यांसाठी पेटी एका पसरट ट्रेमध्ये चार वाट्यांवर ठेवून ट्रेमध्ये पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला. पेटी भिंतीला किंवा पडद्याला टेकता कामा नये, मुंग्यांना तेवढी वाट पुरते.

आणखी दहा मागवायचे का? आत्ता नाही. कुरिअरच्या गाडीत जुलैचा प्रवास हाच मोठा धोका आहे, आणि नवी माती तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. हात शिवशिवत असतील तर ती माती तयार झाल्यावर वेगळ्या पेटीत क्युबारिस म्युरिना पाळा. तीही अंगाचा गोळा करणारी, उष्ण प्रदेशातली जात, आपल्या हवेत भराभर वाढते आणि चुका सहन करते. पावडर ब्लू म्हणून विकतात ती पोर्सेलिओनायडिस प्रुइनोसस त्याहून सोपी. चित्रांत सुंदर दिसणारे झेब्रा आणि क्लुगी हे अर्माडिलिडियम भूमध्यसागराच्या बाजूचे आहेत, त्यांना कोरडी, वाऱ्याची पेटी लागते. इथल्या पावसात ते सांभाळणं पहिल्या वर्षाच्या माणसाचं काम नाही. पावसात रानात सापडणारा, गोळा होणारा मोठा तपकिरी प्राणीही पेटीत आणू नका. तो बहुधा गोळा होणारा पैसा, म्हणजे मिलिपीड, असतो, आयसोपॉड नाही. पाय पाहा: आयसोपॉडला सात जोड्या, पैशाला कितीतरी जास्त.

परदेशातून टपालाने जिवंत प्राणी मागवायला सरकारी परवानगी लागते, ती नसेल तर त्या फंदात पडू नका, देशात वाढवलेलेच घ्या. आणि जुनी माती बागेत, कुळागरात किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका. थंड देशात बाहेर पडलेला उष्ण प्रदेशातला आयसोपॉड हिवाळ्यात मरतो, गोव्यात तो मरत नाही, वाढतो. आपल्या घाटातल्या पाचोळ्यात स्वतःचे प्राणी आहेत, त्यांच्या जागेत परके सोडायचा आपल्याला हक्क नाही. माती आधी उकळत्या पाण्याने पूर्ण भिजवा किंवा पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच फेका.

तुमच्या सहांपैकी एक-दोन माद्या असल्या तरी पुरे आहे. मादी पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवते. बाहेर पडलेलं पिल्लू पांढरट, मोहरीहून लहान असतं आणि त्याला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी नंतरच्या कातींत येते. रबर डकी एका वेळी थोडीच पिल्लं देतात आणि मोठी व्हायला महिनोन् महिने घेतात, म्हणून माती उकरून मोजणी करू नका. महिन्यातून एकदा फक्त वरची फरशी उचलून पाहा, आणि टबातली जुनी माती सहा आठवड्यांनी पांढऱ्या कागदावर चमचा-चमचा पसरून तपासा. नोव्हेंबरपर्यंत नव्या पेटीत मरतूक झाली नाही आणि फटींत पिल्लं दिसली तर तेव्हा, थंड दिवसांत, वेगळ्या माणसाकडून पाच-सहा मागवा. ते आधी महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवा आणि मगच एकत्र करा.